धूप घालणारा हात : रोमच्या तांब्या-पितळेच्या नाण्यांवरचे देव, आणि देव झालेले सम्राट

टाइनकाठ (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी. गेल्या महिन्यात एक नाणं घेतलं. तेव्हापासून रोज रात्री जेवणं आटोपली की दिव्याखाली ते हातात घेऊन बसतो. इथे न्यूकॅसलला या विषयावर मराठीतून बोलायला कोणी नाही, म्हणून हा धागा.

नाणं सेस्टर्शियस, म्हणजे रोमचं मोठं पितळी नाणं. वजन २३.५ ग्रॅम, रुंदी ३१ मिलिमीटर. तळहातावर ठेवलं की जाणवतं. पुढच्या बाजूला एका बाईचा चेहरा आहे. वेण्या घालून डोक्यावर गोल चुंबळीसारख्या बांधल्या आहेत, मध्ये मोत्यांची ओळ. भोवती अक्षरं : डिवा फॉस्टिना. मागच्या बाजूला डोक्यावरून वस्त्र घेतलेली एक स्त्री उभी आहे. डाव्या हातात लहानशी पेटी, उजवा हात पेटत्या वेदीवर. ती धुपाचे दाणे सोडते आहे. दाणे दिसत नाहीत, नाणं बरंच झिजलंय. पण बोटं खाली वळलेली आहेत आणि चिमूट धरलेली आहे, हे अजून स्पष्ट कळतं. ही पिएतास. देव, आईबाप आणि घर यांच्याविषयी माणसानं पाळायचं जे काही असतं, त्या सगळ्याला रोमन लोकांनी दिलेलं हे नाव आणि रूप.

फॉस्टिना ही सम्राट अँटोनायनस पायस याची बायको. इ.स. १४० च्या सुमारास वारली. सेनेटनं ठराव करून तिला देवी ठरवलं, तिच्यासाठी पुजारिणी नेमल्या, रोमच्या फोरममध्ये देऊळ बांधलं. अँटोनायनसनं दुसरं लग्न केलं नाही आणि पुढची वीस वर्षं तो तिच्या नावानं नाणी पाडत राहिला, सोन्याची, चांदीची, पितळेची, तांब्याची. गरीब मुलींच्या पालनपोषणासाठी तिच्या नावानं निधी काढला, तोही नाण्यावर आला. १६१ साली तो स्वतः गेल्यावर त्याच देवळावर त्याचंही नाव कोरलं. ते देऊळ आज चर्च आहे, पण खांब तेच आणि दर्शनी पट्टीवरचा दोघांच्या नावांचा लेखही अजून वाचता येतो.

आता माझं मुख्य म्हणणं. रोमच्या नाण्यांवर जिवंत सम्राट हा पूजा करणारा असतो आणि मेलेला सम्राट पूजा घेणारा. लॅटिनमध्ये दोन शब्द आहेत, देउस आणि दिवुस. देउस म्हणजे जो मुळातच देव आहे तो, ज्युपिटर वगैरे. दिवुस (बाईसाठी डिवा) म्हणजे माणूस होता, मेला, आणि मग ठरावानं देवांत गेला. त्यामुळे ऑगस्टसनंतरचे सम्राट 'दिवुसचा मुलगा' असं लिहिण्यात धन्यता मानत, स्वतःला देव म्हणवून घेण्यात नाही. व्हेस्पेशियन मरणाला टेकला तेव्हा म्हणाला, 'मला वाटतं मी देव व्हायला लागलोय', असं रोमन चरित्रकार सुएटोनियसनं लिहून ठेवलंय. मरण आणि देवत्व यांचा सांधा रोमन माणसाच्या डोक्यात किती घट्ट होता, ते त्यावरून कळतं.

आणि हे सगळं तांब्या-पितळेवरच नीट पाहता येतं. सोन्याचा ऑरियस सैन्यात, अधिकाऱ्यांत फिरे. बाजारात हातोहात फिरणारा तो तांब्याचा अ‍ॅस. पॉम्पेईच्या एका गुत्त्याच्या भिंतीवर लिहिलंय : एका अ‍ॅसला साधी दारू, दोनला त्याहून बरी, चारला फालेर्नियन, म्हणजे उंची दारू. सार्वजनिक स्नानगृहात शिरायला अ‍ॅसचा चौथा हिस्सा पुरे. म्हणजे आंघोळीला, पावाला, दारूला जी नाणी लागत तीच देवांचं आणि सम्राटांचं नातं घेऊन घरोघर जात होती. शिवाय सेस्टर्शियसवर जागा भरपूर. सम्राट कॅलिग्युलाच्या एका सेस्टर्शियसवर सहा खांबांचं, माळा सोडलेलं अख्खं देऊळ आहे. पुढे वेदी, डोक्यावर टोगा ओढून हातातल्या पसरट वाटीतून अर्घ्य देणारा सम्राट, बाजूला बळीचा बैल आणि तो धरणारा सेवक. हे देऊळ दिवुस ऑगस्टसचं, इ.स. ३७ मध्ये अर्पण केलेलं. ज्या कॅलिग्युलाविषयी नंतर नाही नाही ते लिहिलं गेलं, तोही नाण्यावर पणजोबांची पूजा करतोय.

जाणकारांनी भर घालावी, चुकलं असेल तिथे सांगावं.

---

सांजवात

फार सुंदर लिहिलंय. वाचनखूण साठवली.

नाण्यांतलं मला काही कळत नाही, पण घरची पूजा मी रोज करते, म्हणून एक विचारावंसं वाटतं. डोक्यावरून वस्त्र घेऊन पूजा करायची पद्धत त्यांच्यात पुरुषांनाही होती का? माझी आजी देवासमोर बसताना पदर डोक्यावर घेतल्याशिवाय निरांजनाला हात लावत नसे. आणि पूजेची उपकरणी वेगळी दाखवली आहेत का कुठे, की फक्त वेदीच?

---

गोदाकाठ

@सांजवात, उत्तम प्रश्न. हो, पुरुषांनाही. रोमन रीतीत पूजा करणारा डोकं झाकतो, ग्रीक रीतीत उघडं ठेवतो. त्यामुळे नाण्यावर झाकलेलं डोकं दिसलं की पहिला अंदाज दोनपैकी एक बांधायचा : एक तर हा माणूस पूजेला उभा आहे, किंवा तो गेलेला आहे आणि त्याला दिवुस केलंय. हे लक्षात ठेवा, खूप ठिकाणी उपयोगी पडतं.

उपकरण्यांची तर वेगळी नाणीच आहेत. मार्कस ऑरेलियस युवराज होता तेव्हाच्या सेस्टर्शियसवर आणि पुढे सम्राट मॅक्सिमिनसचा मुलगा मॅक्सिमस याच्या सेस्टर्शियसवर (इ.स. २३६ ते २३८) मागच्या बाजूला माणूस नाहीच, नुसती भांडी. एक तांब्यासारखा घडा, एक सुरा, पाणी शिंपडायचा कुंचला, शकुन पाहणाऱ्यांची वरून वळलेली काठी, आणि एक लांब दांड्याची पळी. पळीच म्हणतो, दुसरा शब्द वापरायचं कारण नाही. घड्यातली दारू तिनं काढून अर्घ्याच्या वाटीत घालायची. भोवती लिहिलेलं असतं पिएतास. युवराजाला पुरोहित मंडळांत घेतलं, की भांड्यांचं चित्र आलं. सम्राट स्वतः तर पाँटिफेक्स मॅक्सिमस, म्हणजे सगळ्यांत वरचा पुरोहित. ते पद नाण्यावर 'पी एम' अशा दोन अक्षरांत येतं आणि शेकडो वर्षं येत राहतं. चौथ्या शतकाच्या अखेरीस सम्राट ग्रेशियननं ते सोडलं.

---

तांबटआळी

धागा आवडला, पण एक दुरुस्ती करतो. आमचं घराणं तांबटांचं, त्यामुळे धातूचं नाव चुकलं की राहवत नाही.

संग्राहक या सगळ्यांना सरसकट 'ब्राँझ' म्हणतात. ब्राँझ म्हणजे तांबं अधिक कथील, आपलं कासं त्याच जातीचं. सेस्टर्शियस ब्राँझचा नाही, पितळेचा. तांबं अधिक जस्त. धागाकर्त्यांनी पितळ लिहिलं ते बरोबर. डुपॉन्डियस, म्हणजे दोन अ‍ॅसचं नाणं, तोही पितळेचा. अ‍ॅस मात्र तांब्याचा. ही विभागणी ऑगस्टसच्या काळात बसली. रोमन लेखक प्लिनीनं लिहिलंय की स्पेनमधल्या कोर्दोबाकडचं तांबं सेस्टर्शियस आणि डुपॉन्डियसला चांगलं, अ‍ॅसला सायप्रसचं चालतं.

आता गंमत अशी की जस्त धातू त्यांना सुटा मिळतच नव्हता. जस्त ९०७ अंशांना उकळतं आणि तांबं वितळतं १०८५ अंशांना. उघड्या भट्टीत जस्ताचं खनिज टाकलं तर वाफ होऊन उडून जाईल. म्हणून तांब्याचे तुकडे, जस्ताचं खनिज आणि कोळसा मुशीत घालून तोंड बंद करायचं आणि तांबं पूर्ण वितळणार नाही इतपतच तापवायचं. जस्ताची वाफ बाहेर जायला वाट नाही, ती तांब्यात शिरते. झालं पितळ. सुरुवातीच्या नाण्यांत जस्त भरपूर, पाचवा हिस्सा आणि त्याहूनही जास्त. पुढे जुनी नाणी पुन्हा पुन्हा वितळवून नवी करत गेले. प्रत्येक वितळणीला थोडं जस्त उडतं, म्हणून दुसऱ्या-तिसऱ्या शतकात ते उतरत गेलं.

नवं सेस्टर्शियस सोन्यासारखं पिवळं झळकत असणार. आज आपण हिरवट-काळं नाणं बघतो आणि तसंच ते वापरात असेल असं धरून चालतो. एकदा नव्या घासलेल्या पितळी घंगाळाकडे बघा आणि तो रंग त्या धूप घालणाऱ्या बाईला देऊन बघा.

---

उलटतपासणी

लेख चांगला आहे, पण 'जिवंत सम्राट फक्त पूजा करणारा' हे मला पटलेलं नाही. तीन हरकती.

एक, पूर्वेकडच्या प्रांतांत जिवंत ऑगस्टसचं देऊळ होतं. पर्गमॉनला (आजच्या तुर्कस्तानात) रोमा देवी आणि ऑगस्टस यांच्या देवळाला इ.स.पू. २९ मध्ये परवानगी मिळाली आणि ते देऊळ पर्गमॉनच्या नाण्यांवर दिसतं. रोमच्या आशिया प्रांतातली शहरं सम्राटाच्या देवळाचे राखणदार म्हणून 'नेओकोरोस' ही पदवी नाण्यावर मिरवत. इफिसस, स्मिर्ना आणि पर्गमॉन यांच्यात त्यावरून चुरस चाले.

दोन, नीरोच्या डोक्यावर सूर्यकिरणांचा मुकुट आहे, आणि तो जिवंत आहे.

तीन, कॉमोडस. १९१-१९२ सालच्या नाण्यांवर तो सिंहाचं कातडं पांघरून हर्क्युलिस बनलाय. लेखही 'रोमन हर्क्युलिसला' असा. हे रोमच्याच टांकसाळीतलं, तांब्या-पितळेवर, खाली सेनेटच्या ठरावाचं एस सी. मग तुमचा नियम उरतो कुठे?

---

टाइनकाठ

@उलटतपासणी, हरकती रास्त आहेत. एकेक घेतो.

कॉमोडसचं मान्य. मी 'नेहमी' या अर्थानं लिहिलं ते चुकलं. पण कॉमोडसचं काय झालं तेही बघा : १९२ च्या ३१ डिसेंबरला त्याचा खून झाला आणि त्याची स्मृती पुसायचा ठराव झाला. (पुढे सेप्टिमियस सेव्हेरसनं स्वतःच्या सोयीसाठी त्याला दिवुस केलं, ते निराळं.) रोममध्ये मर्यादा ओलांडल्यावर लोकांना ती कळत होती, म्हणजे मर्यादा होतीच.

पूर्वेचंही मान्य. तिथल्या लोकांना राजाला देवाचा मान द्यायची सवय अलेक्झांडरनंतरच्या राजांपासूनची. म्हणून माझं म्हणणं रोमच्या टांकसाळीपुरतं आवरतं घेतो. पश्चिमेतही लुग्दुनुम, म्हणजे आजचं लिआँ, इथल्या नाण्यांवर 'रोमा आणि ऑगस्टस' यांची मोठी वेदी आहे, दोन्ही बाजूंना खांबांवर विजयदेवता. ऑगस्टस तेव्हा जिवंत होता. पण एकट्याच्या नावानं नाही, रोमा देवीच्या जोडीनं. ही जोडी मला महत्त्वाची वाटते.

किरणांच्या मुकुटाविषयी मात्र थोडं थांबा. टायबेरियसच्या काळात तो मुकुट दिवुस ऑगस्टसच्या डोक्यावर येतो, आणि तिथे त्याचा अर्थ देवत्व हाच आहे. त्या अ‍ॅसच्या मागच्या बाजूला कुंपण घातलेली वेदी आणि खाली 'प्रोविदेंत', म्हणजे दूरदृष्टी या अर्थाच्या शब्दाचं लघुरूप. हे तांब्याचं नाणं खूप सापडतं. पण नीरोच्या वेळेपासून तो मुकुट किमतीची खूण झाला. डुपॉन्डियस आणि अ‍ॅस आकारानं जवळजवळ सारखे, किंमत मात्र दुप्पट. नवं असताना एक पिवळं, एक तांबडं. हातात काळं पडल्यावर ओळखायचं कसं? मुकुट असेल तर डुपॉन्डियस. देवाची खूण बाजारातल्या सोयीसाठी वापरात आली आणि तिथेच राहिली.

---

तांबटआळी

हे मला माहीत नव्हतं. आमच्या दुकानात जुनी भांडी मोडीत येतात तेव्हा पितळ की तांबं हे आजोबा कानशीचा एक घास मारून बघत. रोमच्या दुकानदाराला रोज कानस मारणं शक्य नव्हतं, म्हणून डोक्यावर मुकुट. पटलं.

---

गोदाकाठ

स्मृती पुसण्यावरून आठवलं. सम्राट कॅराकॅलानं सख्ख्या भावाचा, गेटाचा, २११ च्या अखेरीस आईच्या डोळ्यांदेखत खून करवला आणि साम्राज्यभर गेटाचं नाव-चेहरा नाहीसा करायचा हुकूम काढला. त्याआधी आशिया प्रांतातल्या पर्गमॉन, स्ट्राटोनिकेया वगैरे शहरांनी दोघा भावांचे चेहरे समोरासमोर असलेली मोठी तांब्याची नाणी पाडली होती. ती कोणीतरी एकेक हातात घेऊन गेटाचा चेहरा छिन्नीनं तासून काढलाय. आज त्या नाण्यावर कॅराकॅला आहे आणि त्याच्यासमोर खरवडलेली सपाट जागा. तो त्या मोकळ्या जागेकडे टक लावून बघतोय. असं नाणं मी पहिल्यांदा चित्रात पाहिलं तेव्हा पुढची पानं त्या दिवशी वाचवली नाहीत.

आपल्याकडे याच्या जवळ जाणारी गोष्ट म्हणजे नाशिकजवळचं जोगळटेंभी. १९०६ मध्ये तिथे क्षत्रप राजा नहपानाच्या चांदीच्या नाण्यांचा साठा मिळाला, १३ हजारांहून जास्त नाणी. त्यातल्या नऊ हजारांवर नाण्यांवर गौतमीपुत्र सातकर्णीनं आपला ठसा मारलाय. पण तिथे नहपानाचा चेहरा ठशाखालून अजून डोकावतो. वितळवून नवी नाणी पाडण्यापेक्षा ठसा मारणं स्वस्त, आणि जुन्या राजावर नवा राजा बसलाय हे बघणाऱ्याला दिसतं. गेटाच्या बाबतीत चेहरा उरूच द्यायचा नव्हता.

---

नवखा_संग्राहक

एक भाबडा प्रश्न. रोमची तांब्याची नाणी महाराष्ट्रात सापडतात का? सेस्टर्शियस वगैरे?

आणि दुसरं : माझ्याकडे एक जुनं तांब्याचं नाणं आहे, त्यावर हिरवा थर आहे. चिंच-मीठ लावून घासलं तर निघेल का?

---

तांबटआळी

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आधी, कारण ते तातडीचं आहे. चिंच लावू नका. लिंबू नाही, व्हिनेगर नाही, राखही नाही.

मी स्वतः हे केलेलं आहे. वीस वर्षांचा असताना एका ओळखीच्यांनी दिलेलं कुषाणांचं तांब्याचं नाणं मी भांडं घासावं तसं चिंचेनं घासलं. पाच मिनिटांत गुलाबी तांबं वर आलं. राजाचा वेदीवर हात होता तो त्या थरातच होता, धातूत उरलेलाच नव्हता. दोन हजार वर्षांत धातूचं रूपांतर त्या थरात झालेलं असतं आणि नक्षी थर धरून ठेवतो. तो गेला की नक्षी गेली. ते नाणं अजून माझ्या कप्प्यात आहे, गुळगुळीत चकती.

गुळगुळीत, घट्ट हिरवा किंवा तपकिरी थर असेल तर हात लावू नका. फिकट हिरवी, नखानं निघणारी भुकटी असेल तर तो धातूचा रोग. आत क्लोराइड आहे आणि दमट हवेत ते धातू खात जातं. अशा वेळी ऊर्ध्वपातित पाण्यात बुडवून ठेवा, पाणी बदलत राहा, आठवडे लागतात. मग नीट सुकवून सिलिका जेलच्या पुड्या घातलेल्या बंद डबीत ठेवा. मुंबई-कोकणच्या पावसाळ्यात तर ठेवाच.

---

गोदाकाठ

पहिल्या प्रश्नाचं उत्तर माझ्याकडून. पहिल्या दोन शतकांत भारतात आलं ते मुख्यतः सोनं-चांदी, आणि साठे सापडले ते जास्त करून दक्षिणेत. पितळी सेस्टर्शियसला इथे धातूपलीकडे किंमत नव्हती. पण मौज बघा, भारताकडे दरवर्षी पाच कोटी सेस्टर्शियस जातात असं प्लिनी कुरकुरतो तेव्हा मोजतो तो त्याच पितळी नाण्यात. पुढे चौथ्या-पाचव्या शतकातली बारकी तांब्याची रोमन नाणी तमिळनाडूत करूर, मदुराईकडे आणि श्रीलंकेत मोठ्या संख्येनं मिळतात.

महाराष्ट्रात रोमचा संबंध दाखवणाऱ्या वस्तू तेर आणि कोल्हापूरला आहेत. कोल्हापूरच्या ब्रह्मपुरी टेकडीवर मिळालेली ग्रीक समुद्रदेव पोसायडनची छोटी धातूची मूर्ती आवर्जून बघा, टाउन हॉल संग्रहालयात. तेरला रोमन नाण्यांच्या नकला असलेल्या मातीच्या चकत्या सापडल्यात, त्या अंगावर घालायच्या असाव्यात. सम्राटाचा चेहरा आपल्याकडे दागिना झाला.

एक नाणं मात्र थेट या धाग्यात बसतं. कुषाणांचा पहिला मोठा राजा कुजुल कडफिसेस, त्याचं तांब्याचं नाणं. पुढच्या बाजूला ऑगस्टसच्या घराण्यातल्या सम्राटासारखं मुंडकं, मागे रोमन अधिकाऱ्याच्या खुर्चीवर बसलेली आकृती. तक्षशिलेकडच्या बाजारात ते चालत होतं.

खरेदीचा विचार असेल तर १९७२ चा पुरावस्तू कायदा वाचून घ्या. शंभर वर्षांहून जुनं नाणं देशाबाहेर नेता येत नाही.

---

सांजवात

ओतीव मूर्ती, वेदी, देऊळ यांच्याबद्दल वाचतेय, पण त्यांच्याकडे आपल्या तांदळ्यासारखा नुसता दगड देव म्हणून होता का? आमची कुलदेवी तांदळाच आहे, नाक-डोळे नंतर बसवलेले.

---

टाइनकाठ

होता! आणि तो नाण्यावर फार छान आलाय. सीरियातलं एमेसा, आजचं होम्स. तिथला देव एलागाबाल म्हणजे एक काळा, न घडवलेला दगड. खाली गोल, वर निमुळता होत गेलेला, आकाशातून पडला अशी श्रद्धा. अँटोनायनस पायसच्या काळातल्या एमेसाच्या तांब्याच्या नाण्यावर तो शेंदरी गोट्यासारखा दिसतो आणि त्यावर गरुड बसलाय. त्याच देवळाचा पोरसवदा पुजारी २१८ मध्ये सम्राट झाला. त्यानं दगड रथात घालून रोमला आणला आणि ज्युपिटरच्याही वर ठेवला. २२२ मध्ये पुजारी मारला गेला, दगड परत पाठवला. रोमन लोकांना परका देव चालत होता, त्यांनी इजिप्तची देवी इसिस घेतली, आशिया मायनरची सिबिली घेतली. त्याला ज्युपिटरच्या डोक्यावर बसवलेलं चाललं नाही.

आता एक माझ्या इथली जागा सांगतो. उत्तर इंग्लंडमधल्या हेड्रियनच्या भिंतीला, म्हणजे रोमन सरहद्दीच्या तटाला लागून कॅरॉबर्ग नावाचं ठाणं होतं. त्याच्या शेजारी एक झरा, झऱ्याची देवी कॉव्हेंटिना. तिचं नाव बाकी जगात जवळजवळ कुठे नाही. १८७६ मध्ये जॉन क्लेटननं तो झरा उपसला तेव्हा १३ हजारांहून जास्त नाणी निघाली, बहुतेक तांब्या-पितळेची. त्यांत अँटोनायनस पायसचे, १५४-१५५ सालचे, खिन्न बसलेल्या ब्रिटानियाचे (ब्रिटन प्रांताचं स्त्रीरूप) अ‍ॅस तीनशेच्या वर. पहाऱ्यावरचा शिपाई, त्याची बायको, वाटसरू, कमरेचं एक नाणं सोडलं पाण्यात. आपण गोदावरीच्या पुलावरून गाडी जाताना खिडकीतून टाकतो तेच.

मी गेलो तेव्हा पाऊस पडत होता. आज तिथे कुंपण घातलेली दलदल आहे आणि गवत. चेस्टर्सच्या संग्रहालयात त्या झऱ्यातलं शिल्प आहे, हातातल्या भांड्यांतून पाणी ओतणाऱ्या तिघीजणी. बराच वेळ उभा राहिलो. माझ्या नाण्यावरची चिमूट त्या दिवशी मला नीट कळली. नाण्यावरचा हात देवाला काहीतरी देतोय, आणि ते अख्खं नाणंच कोणीतरी तशाच हातानं देवाला देऊन टाकलं.

---

रानजाई

सगळा धागा सलग वाचला. विचारू की नको करत होते, पण विचारतेच.

बाबा व्यापारी जहाजावर होते, इंजिनात. बिस्किटांच्या एका डब्यात त्यांनी बंदराबंदरांतून आणलेली नाणी आहेत. त्यात एक अगदी लहान, काळपट. आज सोनाराच्या काट्यावर तोललं, १.४ ग्रॅम. रुंदी १५ मिलिमीटर. एका बाजूला डोक्यावर पदर घेतलेली बाई, तोंड उजवीकडे. दुसऱ्या बाजूला घोडे आणि गाडी. घोडे चार असावेत, पाय खूप दिसतात. गाडीत कोणीतरी उभं आहे. त्या बाजूला भोवती अक्षरं नाहीत, फक्त तळाशी बारीक काहीतरी. बाबा म्हणतात अलेक्झांड्रियाला एका चहावाल्यानं दिलं होतं. हीसुद्धा फॉस्टिना असेल का?

---

गोदाकाठ

@रानजाई, ती बाई नाही. वर मी लिहिलंय बघा, झाकलेलं डोकं दिसलं की दोन शक्यता. तुमचा हा दुसरा प्रकार असावा. पदराभोवतीची अक्षरं एकेक करून सांगाल का? 'डी व्ही' पासून सुरू होतात का? आणि घोड्यांच्या वर, अगदी काठाला, काही दिसतंय का? भिंग घ्या आणि दिवा बाजूनं, आडवा धरा. वरून उजेड पडला तर काही दिसणार नाही.

---

टाइनकाठ

@गोदाकाठ, तुम्हाला वाटतंय तेच मलाही वाटतंय, आणि हात थरथरतोय लिहिताना.

@रानजाई, मी आगाऊ सांगून ठेवतो. कॉन्स्टंटाइन ३३७ मध्ये वारला. मरताना त्यानं ख्रिस्ती दीक्षा घेतली. बरीच वर्षं त्याच्या तांब्याच्या नाण्यांवर सूर्यदेव होता, 'अजिंक्य सूर्य, सोबती' अशा लेखासह, आणि तो ३१२ नंतरही काही वर्षं तसाच राहिला. मेल्यावर मुलांनी त्याच्या स्मरणाचं नाणं पूर्वेच्या टांकसाळींत पाडलं. त्यावर तो दिवुस आहे, जुन्या रीतीप्रमाणे डोकं झाकलेला. मागे तो चार घोड्यांच्या रथात वर चाललाय. पूर्वी सम्राटाला वर न्यायला गरुड असे, बायकांना मोर. इथे तसं नाही. वरून त्याला घ्यायला एक हात खाली आलाय. बिशप युसिबियसनं कॉन्स्टंटाइनच्या चरित्रात या नाण्याचं वर्णन केलंय, पदर, रथ, हात, सगळं. बिशपला त्यात काही वावगं वाटलं नाही, आणि जुन्या देवांच्या माणसालाही ते ओळखीचंच वाटलं असणार.

---

उलटतपासणी

मी हरकती घेणारा माणूस, पण हे वाचून माझी एक हरकत मागे घेतो. दिवुस हा शब्द ख्रिस्ती सम्राटालाही सोडवला नाही, म्हणजे तुमचा मुद्दा मी समजलो होतो त्यापेक्षा खोल आहे.

रानजाई, नाणं बनावट नाही ना एवढं बघून घ्या. काठावर सांध्याची रेघ दिसते का? ओतीव नकलेला ती असते. पण हे नाणं खूप मिळतं आणि फार महाग नाही, त्यामुळे नकलेची भीती कमी.

---

रानजाई

काल रात्री भिंग आणि मोबाइलचा दिवा घेऊन बसले. काठ पाहिला, रेघ नाही. कडा जरा फाटल्यासारखी आहे, हातोड्याखाली फाटावी तशी.

अक्षरं : डी व्ही, मग जरा जागा, मग कॉन्स्टंटिनस, मग पी टी, आणि शेवटी ए व्ही जी जी. जिथे वाचता आलं नाही तिथे टोकदार काडीनं वहीत आकार काढून पाहिले. तळाशी एस एम ए एल ए.

घोड्यांच्या वर काठाला लागून एक ठिपका होता, तो मी गंज धरून चालले होते. दिवा आडवा केला आणि त्याला सावली पडली. अंगठा वेगळा आहे आणि बाकीची बोटं एकत्र, खाली वळलेली. रथातल्या माणसाचा हातही वर उचललेला आहे. मधे केसाएवढं अंतर.

---

गोदाकाठ

एस एम ए एल ए म्हणजे अलेक्झांड्रियाची टांकसाळ, पहिली कार्यशाळा. 'डी व्ही' म्हणजे दिवुस, 'पी टी ए व्ही जी जी' म्हणजे ऑगस्टसांचा पिता, तिघेही मुलगे सम्राट झाले म्हणून. जिथे पाडलं गेलं त्याच शहरात ते चहावाल्यानं तुमच्या बाबांच्या हातावर ठेवलं.

---

रानजाई

बाबांना वाचून दाखवलं सगळं. त्यांनी भिंग मागून घेतलं. ८१ वर्षांचे आहेत, हात स्थिर राहत नाही, म्हणून नाणं मी धरलं आणि दिवा त्यांनी. बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, मी पन्नास वर्षं ह्याला टांगा म्हणत होतो.

डब्यात आणखी अकरा आहेत. त्यातल्या एकावर वेदीसारखं काहीतरी दिसतंय, शेजारी उभा माणूस. उद्या दिवसाउजेडी फोटो काढून इथेच टाकते.